मागून आलेला मजकूर

आकाराम चौगलेच्या वाटेला जाऊ नये, असं मंगळवार पेठेत म्हणतात. माणूस भांडखोर नव्हे. आवाज चढवणार नाही, शिवी देणार नाही. पण एकदा डूख धरला की साप परवडला. सातवीत कुणीतरी त्याची कंपासपेटी फोडली, तर गड्यानं तीन वर्षं कळ काढली आणि दहावीच्या गणिताच्या पेपराच्या सकाळी त्या पोराच्या सायकलीच्या दोन्ही चाकांची हवा सोडली. वर पंप कुठं मिळतो तेही सांगितलं, लांबचा.

वय सत्तेचाळीस. एका स्थानिक दैनिकात पानं लावायचं काम, त्याला बावीस वर्षं झाली. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर शून्य. ऑफिसातला मोठा कॉम्प्युटर, ज्याला सगळे सर्व्हर म्हणतात, तो लिनक्सवर चालतो. त्याला काळ्या पडद्यावर हुकूम लिहून द्यावे लागतात, आणि तेच हुकूम ओळीनं एका फाईलीत लिहून ठेवले की तिला स्क्रिप्ट म्हणायचं. हे सगळं आकाराम जुनी पुस्तकं विकत घेऊन, जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून शिकला. इंजिनियर पोरं अडली की गुपचूप त्याच्याच खुर्चीमागं येऊन उभी राहायची.

त्याचे साहेब विजयसिंह सरनोबत. हुद्दा सिस्टीम मॅनेजर, आणि खरा हुद्दा मालकांचे मेव्हणे. पुरवणीत रोज ‘शुभेच्छा आणि स्मृती’ असं एक पान असतं. वर वाढदिवस, खाली निधनाच्या आणि पुण्यस्मरणाच्या चौकटी. त्या चौकटी बनवायची स्क्रिप्ट साहेबांनी स्वतः लिहिली होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान. ती आधी मजकूर उचलायची, एका तात्पुरत्या फाईलीत ठेवायची, मग फोटो आणि नाव तयार करायची आणि शेवटी फाईलीतला मजकूर घेऊन फोटोखाली चिकटवायची.

सगळी गोम त्या तात्पुरत्या फाईलीत. तिचं नाव साहेबांनी कायमचं एकच ठेवलेलं, आणि जागाही सगळ्यांचा राबता असलेली. एकटा माणूस काम करत होता तोवर ठीक. दोघांनी दोन टेबलांवरून एकदम स्क्रिप्ट चालवली की दुसऱ्याचा मजकूर पहिल्याच्या मजकुरावर जाऊन बसणार, आणि पहिल्याची चौकट तोच उचलणार. जो मागून येईल त्याचंच लिखाण दोन्हीकडं. तालमीत एकाच खुंटीला दोघांनी सदरे टांगले, तर घाईत वरचाच अंगात जाणार की नाही?

आकारामानं हे तीनदा सांगितलं होतं. “साहेब, एमकेटेम्प म्हणून हुकूम हाय. त्यो दर येळी नवी फाईल देतोय. नावात अशी वेडीवाकडी अक्षरं टाकतोय की दुसऱ्या कुणाशी जुळत न्हाय, आणि आपल्याबिगर ती कुणाला उघडताबी येत न्हाय. वर ट्रॅपची एक ओळ टाकली की काम संपल्यावर आपली आपण पुसली जातीया. दोन ओळींचं काम हाय.”

“आकाराम,” साहेब मोबाईलवरची नजर न काढता म्हणाले, “तू पानं लाव.”

मग आकारामाची आई गेली. सोनूबाई नाव, पण सगळी पेठ तिला आक्का म्हणायची. बाप लवकर गेल्यावर लोकांच्या घरी भाकरी थापून तिनं दोन पोरं वाढवली, हा आकाराम आणि धाकटा कृष्णात. कृष्णात आजऱ्याला काजूच्या कारखान्यात असतो. तेराव्याला पेपरात आक्काची चौकट द्यायची ठरली. कृष्णात म्हणाला, “दादा, तुझ्याच हातनं लाव. आक्काला बरं वाटंल.” कुणाच्यातरी लग्नातल्या जुन्या फोटोतून आक्काचा चेहरा कापून, मोठा करून आकारामानं चौकट चालवली. त्याच दुपारी पलीकडच्या टेबलावर साहेबांच्या वाढदिवसाची चौकट चालली होती. आईचा चेहरा पडद्यावर बघून आकारामाचे डोळे भरले होते, म्हणून त्यानं त्या दिवशी प्रूफ वाचलं नाही. बावीस वर्षांत तेवढं एकदाच.

सकाळी छापून आलं ते असं. वर आक्काचा फोटो, डोईवर पदर, कपाळ मोकळं. खाली नाव, कै. सोनूबाई चौगले. आणि त्याखाली, “युवकांचे आशास्थान, आमचे दिलदार नेतृत्व यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा! आपणांस दीर्घायुष्य लाभो. शुभेच्छुक, साहेबप्रेमी मित्र मंडळ.”

तेराव्याच्या पंगतीत तो पेपर हातोहात फिरला. कुणी तोंडावर रुमाल धरून हसलं, कुणी नुसतंच. कृष्णात पंगतीतून उठला. “दीर्घायुष्य लाभो? आपल्या आक्काला? तुझ्या हातनं?” एवढंच बोलला आणि बायकापोरांना घेऊन आजऱ्याची गाडी धरली. जाताना म्हणाला, “चूक कुणाची हे पेपरात छापून आल्याबिगर मी ह्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाय. वर्षश्राद्धाला सुदीक न्हाय.”

आणि साहेबांनी काय केलं? आकारामापुढं कागद सरकवला. “ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे सदर चूक घडली. स्क्रिप्टमध्ये कोणताही दोष नाही.” सही कर, नाहीतर घरी बस. घरी दोन पोरी शिकणाऱ्या. त्यानं सही केली. मात्र त्या कागदाची एक झेरॉक्स काढली, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. सदरा बदलला की झेरॉक्स नव्या सदऱ्यात. वर्षभर ती अशी त्याच्या छातीवर होती.

वर्षभरात त्यानं साहेबांना एकदाही उलट उत्तर दिलं नाही. चहा नेऊन दिला. दसऱ्याला वाकून सोनं दिलं. बायकोला वाटलं, विसरला बिचारा. डोंबलाचं विसरतोय! रोज संध्याकाळी घरी जाण्याआधी तो स्क्रिप्ट उघडून बघायचा, साहेबांनी ती दुरुस्त तर केली नाही ना. केली नव्हती. मग समाधानानं चप्पल घालायचा.

वर्ष फिरलं. अधिक महिना आल्यामुळं आक्काचं वर्षश्राद्ध पुढं सरकलं आणि साहेबांच्या वाढदिवसानंतर बरोबर सहा दिवसांवर आलं. पाहुण्यांना दिवस कळावा म्हणून पुण्यस्मरणाची चौकट काही दिवस आधी द्यायचीच होती. दोन्ही चौकटी पुन्हा एकाच पानावर बसणार हे कळलं तेव्हा आकारामाला हसू आवरेना. पहिल्यांदा वाटलं, उलटापालट छापूनच टाकावं. हजारो प्रती. पण मग पुन्हा हात कुणाचा? ऑपरेटरचा. नाही. या खेपेला हात साहेबांचाच पाहिजे, आणि तोही चारचौघांसमक्ष.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी साडेतीनला ऑफिसात केक आला. साहेबप्रेमी मित्र मंडळ आलं. लेकाचं पेपरात येणारं नाव बघायला साहेबांची आई शालूबाई गाडीतून आल्या, जाड भिंगाचा चष्मा लावून. त्यांना सगळे आईसाहेब म्हणायचे. आकाराम हात जोडून पुढं झाला.

“साहेब, गेल्या वर्षी माझ्या हातनं घाण झाली. मोठ्या माणसाची चौकट हाय, अवंदा तुमच्याच हातनं होऊ दे. आईसाहेबबी बघतील की.”

मंडळानं टाळ्या पिटल्या. साहेब फुगले. खुर्चीत बसले, मिशीवरून बोट फिरवलं आणि एंटर दाबलं. फेटा बांधलेला त्यांचा फोटो चांगला मोठा होता, तयार व्हायला दहाएक सेकंद लागायची. आकाराम शांतपणे पलीकडच्या टेबलाशी गेला. तिथं आक्काची चौकट तयार होती, फक्त एंटर बाकी. एक, दोन, तीन मोजले.

“आक्का,” तो मनात म्हणाला, “अवंदा तू मागनं ये.”

आणि एंटर दाबलं. आकारामानं आधीच लावून ठेवल्याप्रमाणं साहेबांच्या चौकटीची प्रिंटरमधून दोन प्रूफं निघाली. वरचं एक त्यानं अदबीनं उचलून आईसाहेबांच्या हातात दिलं. खालचं तिथंच ट्रेमध्ये राहू दिलं. म्हातारीनं कागद चष्म्याजवळ नेला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत मोठ्यानं वाचायला लागली. “श्री. विजयसिंह सरनोबत. प्रथम... पुण्यस्मरण. तुमच्या जाण्याने... घराचा आधार गेला. उंबऱ्यावरची हाक थांबली. शोकाकुल, समस्त चौगले परिवार.”

केक कापायची सुरी कुणाच्यातरी हातातून खाली पडली. एक शहाणा पुढं होऊन म्हणाला, “आईसाहेब, असं छापलं की आयुष्य वाढतंय म्हणत्यात!” म्हातारी त्याच्यावर कडाडली, “मग तुझ्या आईचं छाप जा की, मुडद्या!”

साहेबांचा चेहरा पांढराफटक. “कुणी केलं हे? आकाराम, तू केलंस!”

“मी?” आकाराम म्हणाला. “एंटर कुणी दाबलं साहेब? धा माणसांनी बघितलंय. मी माझ्या टेबलावर माझ्या आईची चौकट चालवली. तेवढंच मी गेल्या वर्षीबी केलतं.” त्यानं खिशातून झेरॉक्स काढली. घड्या उलगडताना कागद फाटायला आला होता. “हितं लिवलंय, ऑपरेटरचा हलगर्जीपणा. आज ऑपरेटर तुम्ही. नाव बदला आणि मारा सही.”

आता खोटं कशाला सांगा, आकारामाला बरं वाटलं. वर्षभर साखर घालून नेलेल्या चहाच्या एकेका कपाचं सार्थक झालं. मित्र मंडळातली दोन पोरं भिंतीकडं तोंड करून हसत होती आणि साहेबांना ते दिसत होतं. दिसू दे, आकारामाला वाटलं, चांगलं डोळे भरून दिसू दे.

“चौगले कोण?” आईसाहेबांनी विचारलं.

“मी. ते माझ्या आईचं हाय. गेल्या वर्षी तेराव्याला तिच्या फोटोखाली तुमच्या लेकाचा वाढदिवस छापला हुता. दीर्घायुष्य लाभो म्हणून. स्क्रिप्ट ह्यांची. मी तीनदा सांगितलतं. सही माझी घेतली.”

कागद धरलेली म्हातारीची बोटं हलत होती. आक्काची बोटं शेवटच्या महिन्यात अशीच हलायची, पाण्याचा तांब्या धरताना. आकारामानं नजर दुसरीकडं वळवली.

“आठवतंय मला,” ती म्हणाली. “आमच्या घरात समदी वाचून हसलो हुतो. मीबी.” मग लेकाकडं वळली. “विजू, सही कर. आणि पेपरात छाप. माफी माग त्या बाईची.”

“आई, तुला यातलं...”

“अरं, दहा सेकंदं तू मेलेला हुतास माझ्यासाठी! कर सही!”

सही झाली. मग तिनं प्रूफाचे तुकडे तुकडे केले आणि मुठीत धरून आकारामाला विचारलं, “कॉम्प्युटरातनं पुसशील न्हवं हे, बाळा? कुठं राहायला नको.”

“पुसतो आईसाहेब. आत्ता पुसतो.”

आणि त्यानं पुसलं. त्याच खुर्चीत बसून त्यानं एमकेटेम्पची ओळ घातली, ट्रॅपची ओळ घातली, दोन्ही टेबलांवरून एकदम चालवून बघितलं. दोन फाईली, दोन वेगळी नावं, काम संपताच दोन्ही गायब. साहेबांच्या चौकटीत साहेब, आक्काच्या चौकटीत आक्का. दुसऱ्या दिवशी पुरवणीत दोन्ही नीट आल्या, आणि तिसऱ्या पानावर काळ्या रेघेत चार ओळी. गतवर्षी कै. सोनूबाई चौगले यांच्या निधनवार्तेतील चूक ही संगणक विभाग प्रमुखांची होती, कुटुंबीयांची जाहीर क्षमा. खाली विजयसिंह सरनोबत.

वर्षश्राद्धाच्या सकाळी कृष्णात आला. हातात काजूची पिशवी, खिशात तेच कात्रण. आक्काच्या फोटोपुढं डोकं टेकलं, बराच वेळ वर काढलंच नाही. जेवणं झाल्यावर दोघं भाऊ माडीवर बसले, तेव्हा आकारामानं त्या दुपारची सगळी हकीकत सांगितली. मग त्यानं आक्काची पत्र्याची ट्रंक ओढली, तिच्या लुगड्यांच्या घडीतून एक कागद काढला आणि भावापुढं धरला. ट्रेमधलं ते दुसरं प्रूफ. फेटा, मिशी, आणि खाली प्रथम पुण्यस्मरण.

कृष्णात हसत सुटला. वर्षभराचं हसू होतं ते, डोळ्यांतून पाणी आलं. मग एकदम थांबला.

“ती म्हातारी म्हणाली हुती न्हवं, कुठं राहायला नको म्हणून?”

“कॉम्प्युटरातनं पुसलंय.”

“दादा, आक्कानं हे बघितलं असतं तर तुझ्या कानफटात लावली असती.”

आकारामानं कागद पुन्हा घडीत घातला आणि लुगड्यावरून हात फिरवला.

“लावायला तरी आली असती,” तो म्हणाला.