एकतीस रुग्ण, एकच हृदय

१२ मार्च २०१९ रोजी मंगळवार होता. पुढील हकिकतीत कोणत्याही कॅलेंडरवरून पडताळता येईल अशी ही एकमेव बाब. बाकी सारे दवाखान्याच्या नोंदवहीवर आणि दोन जावांच्या सांगण्यावर उभे आहे.

थोरली जाऊ परिचारिका. सव्वीस वर्षे ती तीन बोटांनी नाडी पाहत आली होती, म्हणून सारे तिला नाडीबाई म्हणत. धाकटी केसपेपरच्या खिडकीत बसे. मोठ्या डॉक्टरांनी लहानपणी टीव्हीवर अंतराळयानाची एक मालिका पाहिली होती. तीतला वैद्य रुग्णावरून एक डबी फिरवी आणि निदान सांगून मोकळा होई. डॉक्टरांचे केस गेले, मालिका डोक्यातून गेली नाही. तळहाताएवढे निदानयंत्र कुणी बनवल्याचे कळताच त्यांनी ते चाचणीसाठी मागवले आणि जाहीर केले, की ते कसोटीला उतरले तर नाडी पाहणाऱ्या माणसाची गरज उरणार नाही. यंत्र चालवण्याचे काम मात्र नाडीबाईकडेच दिले. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तोही लेखी आदेशानुसार.

यंत्रासोबत पुस्तिका होती. ती उघडणे डॉक्टरांना कमीपणाचे वाटले. डबी रुग्णापासून वीतभर दूर धरून डोक्यापासून पोटापर्यंत सावकाश कशी फिरवायची, हे त्यांनी स्वतः करून दाखवले. मालिकेत तसेच होते.

दुपारपर्यंत एकतीस रुग्ण झाले. कुणाला ताप, कुणाचा पाय मुरगळलेला. डबीने मात्र एकूण एकाला हृदयाचे ठोके अनियमित असल्याचे कळवले. खरूज घेऊन आलेल्या गवंड्याने, निदान खाजवलेलं तरी चालेल का, अशी चौकशी केली. नाडीबाईच्या चेहऱ्यावर त्या दिवशी आगळीच तुकतुकी होती, असे धाकटी सांगते.

तीन वाजता कंपनीचा माणूस आला. त्या इमारतीत पुस्तिका वाचलेला तो पहिलाच. डबी रुग्णाच्या मुठीत द्यायची असते, ठोके टिपणाऱ्या पट्ट्या तिच्या पाठीवर असतात, दुरून तिला काहीच कळत नाही, असे त्याने समजावले. मग थबकून विचारले, "सकाळपासून ही हातात कुणी धरली होती?"

डॉक्टर छताचा पंखा न्याहाळू लागले.

"यंत्र खोटं आहे," नाडीबाई म्हणाली.

"बाई, पण ते बरोबर असलं तर तुम्हाला..." कंपनीचा माणूस म्हणाला.

"खोटं आहे म्हटलं ना. तसंच लिहा."

यंत्र खरे ठरते तर नोकरी जाणार होती आणि वर हृदयही बिघडलेले निघणार होते. खोटे ठरताच दोन्ही शाबूत. इतका झटपट गुण कोणत्याही औषधाने आला नसता. डॉक्टरांनाही हेच सोयीचे होते. एरवी पुस्तिका न वाचल्याची कबुली द्यावी लागली असती. 'यंत्र सदोष, परत पाठवावे' या शेऱ्याखाली त्यांनी तिथल्या तिथे सही केली. कंपनीच्या माणसाने पुस्तिकेचे पान उघडून समोर धरले होते. ते कुणी पाहिले नाही.

घरी जाताना धाकटी म्हणाली, "जाऊबाई, एकदा दाखवून तरी घ्या."

"मला बोटं नाहीत का? पाहिली मी माझी नाडी."

"मग?"

थोरलीने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चालत राहिली.

नोकरी टिकली. नाडीबाईची तपासणी झाल्याची नोंद कुठेही सापडत नाही. डबी खरोखर बिघडलेली होती का, आणि त्या दिवशी तिच्या बोटांना काय लागले, हे अद्याप अज्ञात आहे.