जळण सोडून सगळं बंद

रशियानं लढाई सुरू केली तेव्हा युरोपवाल्यांनी त्याच्यावर निर्बंध घातले. बँका बंद, विमानं बंद, शेठलोकांच्या बोटी जप्त. गॅस मात्र चालू! का, तर थंडीत घरं कशी गरम ठेवायची? भट्टीवर बसून मोबाइलवर ते बघताना मी पोट धरून हसलो होतो. "शिव्या द्यायच्या अन् त्याच्याच जाळावर भाकरी भाजायची, याला निर्बंध म्हणत्यात व्हय?" असं चार माणसांत मोठ्यानं बोललोही होतो. इतकी निर्लज्ज माणसं लांबच्या मुलखातच असतात असं मला वाटायचं.

आमचं गाव ईट नावाच्या गावाच्या बाजूला. गावात खव्याच्या नऊ भट्ट्या, त्यातली एक माझी. दूध सकाळ-संध्याकाळ येतं आणि आलं की आटवावंच लागतं, नाहीतर नासतं. आसपासची झाडं आम्ही कधीच जाळून संपवली. आता लाकूड बाहेरून येतं आणि ते आणणारा ठेकेदार एकच.

त्या ठेकेदारानं आमच्या गल्लीतल्या मावशीच्या बांधावरच्या चार चिंचा तोडून नेल्या. मावशी एकटी, दोन म्हशींवर जगणारी. दूध माझ्याच भट्टीला घालायची. ती लेकीकडं गेलेली, परत आली तर बांधावर नुसते बुंधे. ठेकेदार म्हणाला, "तुमच्या मालकानंच मरायच्या आधी मला विकल्या होत्या." कागद नाही, साक्षीदार नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर खोटं खपवताना या हलकटाला काही वाटलं नाही. मावशीला भरपाई नकोच होती. ती म्हणाली, "त्यानं चारचौघांत कबूल करावं, खोटं बोललो म्हणून. माझा नवरा मला चोरून झाडं इकणारा न्हवता."

मारुतीच्या पारावर बैठक बसली. वाळीत टाकणं कायद्यानं गुन्हा, म्हणून तो शब्द कुणी काढला नाही, पण आवाज काय लागले होते एकेकाचे! त्याला लग्नाचं बोलावणं न्हाय, त्याच्या घरचा चहा न्हाय, जत्रंत मान न्हाय. मग एक भट्टीवाला खाकरला. "अन् जळणाचं कसं?"

कुणीतरी गॅसचं नाव काढलं, तर गॅसवर खवा परवडत नाही म्हणून आठजण त्याच्या अंगावर धावले. शेवटी तोंड उघडलं ते मीच. "जळण सोडून बाकी सगळं बंद करू. त्यानं कबूल करेपर्यंत." लई शहाणा की मी! सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशी उठून घरी गेली.

तिसऱ्या दिवशी ठेकेदार स्वतः ट्रकसोबत आला. "माझ्यावर बंदी हाय म्हणं. उतरवू का परत नेऊ?" आम्ही दात काढून हसलो. मी तर पुढं होऊन जागा दाखवली, कोरडं लाकूड इकडं टाका म्हणालो. संध्याकाळी मावशीला समजावायला गेलो. "दबाव टाकलाय मावशी. हळूहळू वाकतोय बघा." ती म्हशीला वैरण टाकत राहिली.

दुसऱ्या सकाळी ती दुधाची कॅन घेऊन माझ्या भट्टीसमोरून सरळ पुढं निघाली. मी हाक मारली, "अहो मावशी, इकडं!"

"पुढच्या गावच्या डेअरीला घालते."

"एवढं लांब? पायी?"

"व्हय. तो खरं बोलंस्तवर तुझ्या भट्टीला माझं दूध न्हाय."

त्याला आता वर्ष होत आलं. तो काही बोललेला नाही, आणि ती रोज दोन वेळा जाते-येते, उन्हातसुद्धा. तिचं दूध जेमतेम सहा लिटर. तेवढ्यानं माझी कढई रिकामी पडत नाही. पडली असती, तर मी तिच्यामागं पळत गेलो असतो.