पारिजातकाचा रंग

नवागामच्या आमच्या गल्लीत अजून सांगतात की पारिजातकाची फुलं अंगाला बाधतात. हे खोटं आहे, आणि ते मीच पसरवलं.

गल्लीतल्या एका खोलीत बालवाडी होती. पाऊस सरला की तिथल्या बाई, ज्यांना सगळे बेन म्हणत, मुलांना मागच्या मैदानात नेत. मुलं तेरड्याच्या शेंगा बोटांत फोडत, पारिजातकाची फुलं वेचत. फुलांचे केशरी देठ उकळून बेन पाणी निववत आणि मुलं त्यात पांढऱ्या चिंध्या बुडवत. चिंध्या मी पुरवायचो. पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये रंग मिसळण्यातच माझा जन्म गेला, आणि नात त्या बालवाडीत होती.

एकदा बेननी मला बघायला बोलावलं. चिंधी फिकट पिवळी निघाली, तरी मुलं टाळ्या पिटत होती.

"हा काय रंग? एका धुण्यात उडेल," मी म्हणालो.

"उडू द्या की, काका. आम्हाला कुठे साड्या विकायच्यात?"

सगळे हसले. नातही हसली. ते मला झोंबलं.

दुसऱ्या दिवशी मिलमधली नारिंगी पूड डबीत घेऊन गेलो. बेन कोणाचं तरी नाक पुसत होत्या, तेवढ्यात ती पातेल्यात टाकली. रंग असा खुलला की मुलांनी कोपरापर्यंत हात घातले. संध्याकाळी सगळ्यांच्या हातांवर फोड. नातीच्याही.

मुलांच्या आया खोलीवर चालून गेल्या. "बेन, फुलं उकळता की तेजाब?"

"फुलंच होती हो," बेन रडत सांगत होत्या.

कोणीतरी माझ्याकडे वळलं. "काका, तुम्ही रंगातले माणूस. तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "काही फुलं बाधतात."

बालवाडी बंद झाली. मैदानातलं पारिजातकाचं झाडही तोडलं. आता गल्लीतली मुलं इंग्रजी नर्सरीत परदेशी पुस्तकात बघून नारिंगी कागदाची पानं कापतात. तसल्या पानांचं झाड इथे कोणी पाहिलेलं नाही.

परवा बेनना शोधत दिंडोलीला गेलो. घरी बसून त्या साड्यांना टिकल्या लावतात. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"फुलं बाधतात म्हणालात, तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलत होतेच की. गल्लीने तुमचं ऐकलं."

"आता सगळ्यांना खरं सांगतो."

"सांगा. पण बालवाडी पुन्हा काढा म्हणू नका, काका. आता कोणाच्या लेकराचा हात धरायची मला भीती वाटते."