कॉइल जुळवणाऱ्याचं नाव

दोन हजार सालाच्या आसपास मी वर्ध्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचो आणि पीएचडीसाठी बँडपास डेल्टा-सिग्मा मॉड्युलेटर बनवत होतो. रेडिओचा सिग्नल सरळ शून्य-एकच्या आकड्यांत उतरवणारं सर्किट. त्यात एक कॉइल, तिच्यापुढे 'हो की नाही' एवढंच ठरवणारा कंपॅरेटर, आणि त्याचं उत्तर फिरून पुन्हा कॉइलकडे. कॉम्प्युटरवर ते इतकं शहाण्यासारखं वागायचं की मी वर्गात फुशारक्या मारायचो. बोर्डावर जोडलं की बोंबलायचं. सिग्नल काढून घेतला तरी आपलं आपणच वाजत राहायचं. असे सहा महिने गेले.

कॉइली मी सिंदीच्या एका रेडिओ मेकॅनिककडून आणत असे. जुन्या रेडिओंतल्या, पत्र्याच्या डबीतल्या. त्याच्याकडे दुरुस्तीला आता फारसं कोणी येत नव्हतं. एका रविवारी बोर्ड घेऊनच त्याच्या दुकानात गेलो. त्यानं छोटा ट्रान्झिस्टर बोर्डाजवळ धरला, शिट्टी ऐकली, प्लास्टिकच्या काडीनं कॉइल थोडी फिरवून पाहिली.

"सर, तुमचा आयसी आयकते बराबर, पन उत्तर लेट देते. तोवर कॉइल पुढं निंगून जाते."

आयसी म्हणजे तो कंपॅरेटर; माझ्या सगळ्या समीकरणांत तो तत्क्षणी उत्तर देत होता. गाढवासारखं मी ते गृहीतच धरलं होतं. त्यानं एक रेझिस्टर लावून उत्तराचा थोडा हिस्सा कॉइलला वगळून थेट कंपॅरेटरच्या तोंडाशी आणला. शिट्टी मारणारे रेडिओ तो असंच काहीतरी करून गप्प करायचा. पाच-सहा रेझिस्टर बदलून पाहिले आणि सर्किट शांत झालं.

निघताना त्यानं एकच मागितलं. "कागदावर माहं नाव टाकजा, सर. पोरगी बीएस्सीले हाय. म्हनते, बाबा, तुमची विद्या भंगारात गेली."

मी शब्द दिला.

गाइडनी शोधनिबंधाचा मसुदा वाचून दुसऱ्या नावावर पेन टेकवलं. "मेकॅनिक? अहो, लोक विचारतील, डिझाइन तुमचं की त्याचं?" प्रश्न बरोबर होता, म्हणूनच मी नाव खोडलं. गाइडनी भाग पाडलं असं मी पुढे वर्षानुवर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. आयत्या बिळावर नागोबा व्हायला मला आवडलं होतं.

निबंध छापून आल्याचं कळताच तो इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजात आला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण दुकानाच्या पाटीवर स्वतः इंग्रजीत रंगवलेलं आपलं नाव तेवढं ओळखता यायचं. मी दिलेल्या प्रतीच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवून तो एकेक ओळ खाली उतरत गेला. आकृतीपाशी थांबला. "हा आपला रेझिस्टर," म्हणाला, खूश होऊन. पुन्हा बोट चालू लागलं. शेवटचं पान संपलं तसा परत पहिल्यावर आला.

"दिसून नाई राह्यलं, सर. कुठं हाय?"

"बाहेरचे लोक स्पेलिंग जरा वेगळं करतात," मी म्हणालो आणि माझ्याच नावावर बोट ठेवलं.

त्यानं त्या अक्षरांवरून दोनदा अंगठा फिरवला. "पोरीले दाखवतो," म्हणून कागद नीट घडी करून खिशात घातला. मी त्याला अडवलं नाही.