डब्ल्यू काढा, ए टाका

अन्याय झाला तो आमच्या आळीच्या टोकाला राहणाऱ्या बायकांवर, आणि उघड झाला सोमवारी सकाळी, महापालिकेच्या तक्रार केंद्राची खिडकी उघडल्या उघडल्या. महिनाभर त्यांच्या नळाला पाणी चढत नव्हतं. प्रत्येकीने स्वतः जाऊन तक्रार दिली होती. एकत्र अर्ज देऊ नका, तो एकच धरतात, असं आळीत वाटलेल्या पत्रकात मीच ठळक छापलं होतं. आणि खिडकीतले साहेब म्हणाले, “तुमच्या आळीतून एकच तक्रार आहे. एकीसाठी रस्ता खणत नसतात.”

“म्हणजे आम्ही सगळ्या मिळून एक?” शेजारच्या काकूंनी विचारलं.

“कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, बाई.”

“बरोबर. त्याला कुठे वरच्या साहेबांची भीती!”

मी काकूंना पुन्हा तक्रार द्यायला लावली. पडद्यावर त्यांचं नाव आलं. मग मागच्या ताईंनी दिली. पडद्यावर ताई आल्या, काकू गायब! तिथेच मला कळलं, प्रत्येक नवी तक्रार आधीची पुसत होती. कर्वेनगरच्या क्लासमध्ये मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले होते. त्यात फाइल कशासाठी उघडतोय ते सांगावं लागतं. ‘डब्ल्यू’ म्हटलं की आधीचं सगळं पुसून नव्याने लिहिलं जातं. ‘ए’ म्हटलं की जुनं राहतं, नवं शेवटी जोडलं जातं.

“तो प्रोग्रॅम उघडून दाखवा,” मी म्हटलं.

“अहो, ते कंत्राटदाराचं काम.”

“मग बोलवा त्यांना. आम्ही बसतो.”

बायकांनी खिडकीसमोरच बसकण मारली. दुपारी खराडीहून कंत्राटदाराचा इंजिनियर आला, प्रोग्रॅममधली फाइल उघडायची ओळ पाहिली, ओशाळला. “टेस्टिंगला दर वेळी कोरी फाइल लागायची. नंतर बदलायचं राहिलं.”

“तुमचं टेस्टिंग आणि आमचे हंडे!” काकू कडाडल्या.

त्याने ‘डब्ल्यू’च्या जागी ‘ए’ केला. पुसलेलं परत येणार नव्हतं, म्हणून बायकांनी पुन्हा रांग लावली. नवी तक्रार गेली की सगळ्याजणी डोकावायच्या. मागची आहे का? आहे! पडदा खाली खाली सरकत राहिला, आणि साहेबांनी पाणी खात्याला फोन लावला.

त्याच आठवड्यात रस्ता खणला. टोकाच्या घरात नळ फुरफुरला, खोकला आणि धो धो वाहिला. काकू हंडा लावायच्याच विसरल्या.

तुम्हीही कुठल्यातरी खिडकीत तक्रार द्याल. पोच मिळाली म्हणून घरी जाऊ नका. तुमच्या आधीच्या माणसाची तक्रार दाखवा म्हणा, आणि ती दिसेपर्यंत खिडकी सोडू नका.