बाजूला ठेवलेले मासे

आमचे हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. सत्तरच्या दशकात, कृष्णाकाठच्या सांगलीत, समुद्रातले मासे पाळायचं खूळ ह्यांच्या डोक्यात शिरलं. मुलांची सहल घेऊन रत्नागिरीला जायचे आणि येताना खडकांच्या डबक्यांतले मासे आणि कॅन भरभरून समुद्राचं पाणी आणायचे. घरात प्यायचं पाणी मी आडातून ओढायची, ते कधी दिसलं नाही ह्यांना. काचेची पेटी मिरवायला दिवाणखान्यात, आणि तिची उस्तवार माझ्या गळ्यात. मी कोरेगावची, समुद्र लग्नानंतरही पाहिला नव्हता.

नवा मासा आला की तो महिनाभर वेगळ्या बरणीत ठेवायचा, हे ह्यांनीच मला शिकवलं. त्याच्या अंगावर बारीक किडे असू शकतात, ते पेटीत शिरले तर जुने मासेही जातात. वर्गात म्हणे फळ्यावर आकृती काढून सांगायचे. मी ते मनापासून पाळायची, कारण पेटीत एक निळा मासा होता. पाण्यावर बोट धरलं की तो वर यायचा. दुसऱ्या कुणाच्या बोटाला येत नसे.

एकदा नणंदेला बघायला साताऱ्याची मंडळी यायची होती. मी नेमकी बाहेरची झालेली, त्यामुळं मागच्या खोलीत गोणपाटावर. नव्या माशांची बरणीही तिथंच खिडकीत. मामंजी आले आणि पेटी रिकामी रिकामी दिसते म्हणून बरणी उचलू लागले.

"मामंजी, महिना झाला नाही अजून. ह्या माशांना रोग असला तर बाकीचे मरतील," मी म्हटलं.

"मुक्या जिवाला असं एकटं कोंडून ठेवतात का गं? दया कशी नाही तुला?"

असं मामंजी मला सांगत होते. माझं ताट दोन दिवस दारातून आत सरकवलं जात होतं.

हे दारातच उभे होते. "अहो, तुम्ही तरी सांगा," मी म्हटलं. हे दारातून बाजूला सरकले. वडिलांपुढं बोलायची छाती नव्हतीच कधी. सगळा आवाज वर्गात आणि माझ्यापुढं. मला कुणाला शिवायची सोय नव्हती, नाहीतर बरणी हिसकावून घेतली असती. मामंजींनी मासे पेटीत ओतले. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, माशांचं कौतुक केलं आणि मुलगी नापसंत केली.

आठवडाभरात पेटीतल्या माशांच्या अंगावर रवा सांडावा तसे पांढरे ठिपके उठले. दगडांना अंग घासत फिरायचे बिचारे. माझा निळा मासा बोट धरलं तरी वर येईना. एका सकाळी तळाशी आडवा पडलेला दिसला. त्या घरात माझी वाट बघणारा तेवढा एकच जीव होता. मी ढसाढसा रडले, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. पाठोपाठ अख्खी पेटी गेली.

रात्री पानं मांडली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हिचा विटाळ झाला. बरणीशेजारी बसलेली होती ना. टिकतील कसे मासे?"

मामंजींनी मान डोलावली. मी भात वाढता वाढता ह्यांच्याकडे बघितलं. किडे ह्यांना ठाऊक, महिन्याचा नियम ह्यांचाच. आता तरी एक वाक्य बोलतील असं मला खरंच वाटलं.

"असेलही," हे म्हणाले, आणि ताक मागितलं.

मी वाढलं.