चेक म्हणजे 'बघू'

गणपतीत दुपारची जेवणं झाली की निर्मळच्या आमच्या घरी पत्त्यांचा डाव बसतो. वर्षानुवर्षं रमी चालायची. यंदा मी मोबाइलवर चार व्हिडिओ बघून पोकरचा प्रकांडपंडित झालो आणि कुणी न विचारता सगळ्यांना तो शिकवला. पैशांच्या जागी वालाचे दाणे, कारण बाप्पासमोर जुगार नको, ही काकांची अट.

पोकरमध्ये काहीही न लावता पाळी पुढे ढकलायची सोय असते. तिला 'चेक' म्हणतात. मी काकांना सांगितलं, "चेक म्हणजे आपलं 'बघू'." नियम त्यांना लगेच कळला. कळणारच! जन्मभर दुसरं केलंय काय? वाडीला कुंपण घालायचं? बघू. गुडघा डॉक्टरला दाखवायचा? बघू. त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या चुलत बहिणीला, तुळिंजच्या एका मुलाशी लग्न करायचं होतं. त्यालाही गेल्या गणपतीपासून बघूच. काकांच्या मते रेल्वेच्या रुळांपलीकडे परदेश सुरू होतो.

तर बहिणीच्या हातात दोन बदाम आले, मधे मांडलेल्या पानांतही दोन बदाम. अजून एक आला की रंग जुळणार, नाहीतर ठणठणगोपाळ. मी गुरू म्हणून तिच्या मागेच बसलो होतो. कानात म्हटलं, "समोरचा हटणारा नसेल तर गप 'बघू' म्हण, पुढचं पान फुकटात दिसतं. हटणारा असेल तर लाव. तो घाबरून पत्ते टाकेल, आणि नाही टाकले तरी बदाम यायची आशा आहेच."

"बाबा हटणारे आहेत का रे, दादा?"

माझ्या तोंडात मोदक होता म्हणून मी वाचलो.

काका म्हणाले, "बघू." तिने पुढ्यातले सगळे वाल मधे सारले. काकांनी तिच्याकडे पाहिलं, पत्त्यांकडे पाहिलं आणि पत्ते टाकून दिले. दोन राण्या होत्या त्यांच्याकडे!

"माझ्याकडे अजून काहीच नव्हतं, बाबा," तिने पत्ते उलटे करून दाखवले. "आणि सोमवारी आम्ही लग्नाची नोटीस द्यायला जातोय. तुम्ही याल?"

काकूने टीव्हीचा आवाज बंद केला. मला खरंच भीती वाटली. काका नाही म्हणाले असते तर ही पोरगी पुन्हा या घरात पाऊल टाकणार नव्हती.

"बघ—"

"बघू नाही. हो की नाही?"

काका सतरंजीवरचे वाल गोळा करू लागले.

"मुलाला पत्ते येतात?"

"नाही येत."

"बरंय," माझ्याकडे बघत काका म्हणाले. "घरात एक तरी शहाणा येईल. सोमवारी किती वाजता निघायचं?"